बारावीचा भूगोल : आपल्या आबादीचा अभ्यास

दहावीचा निकाल लागला की ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. टक्के चांगले असतील तर सायन्स, हिशेबात गती असेल तर कॉमर्स, आणि दोन्ही जमत नसेल किंवा फी परवडत नसेल तर आर्ट्स. आर्ट्सला गेलेल्या मुलीने विषय कोणते घ्यावेत, याची तर घरात चर्चाही होत नाही. शेजारची बाजी सांगते, "भूगोल घे, सोपा आहे. नकाशे रंगवायचे आणि मार्क मिळवायचे." झाला निर्णय! मग गाईड येते, वही येते, पाठांतर सुरू होते. आपण नेमका कोणता विषय घेतला आहे, हे दोन वर्षांत त्या मुलीला कुणी सांगत नाही.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. पण भूगोल घेतलेली मुले आमच्याकडे शब्द विचारायला येतात, कारण दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाला 'घनता', 'भूमी उपयोजन', 'प्रादेशिक असमतोल' हे शब्द अडतात. शब्द समजावता समजावता ते पुस्तक आम्हीही वाचले. वाचून असे वाटले की आपल्या समाजाच्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, हा विषय उरलासुरला म्हणून न घेता समजून-उमजून घ्यावा. तेच सांगण्यासाठी हा लेख.

पुस्तकात आहे तरी काय?

अकरावीच्या भूगोलात डोंगर, नद्या, हवामान, हिंदी महासागर, आपत्ती असे निसर्गाचे विषय जास्त आहेत. बारावीला मात्र गाडी माणसाकडे वळते. बालभारतीने २०२० साली काढलेल्या बारावीच्या पुस्तकात आठ पाठ आहेत. पहिले दोन लोकसंख्येवर. तिसरा मानवी वस्ती आणि भूमी उपयोजनावर. पुढचे तीन शेती-मासेमारी, कारखाने आणि व्यापार-वाहतूक-सेवा यांवर. सातवा प्रदेश आणि प्रादेशिक विकासावर, आणि शेवटचा भूगोल या शास्त्राच्या स्वरूपावर. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे.

याला मानवी भूगोल म्हणतात. माणसे कुठे राहतात, तिथेच का राहतात, तिथून का निघतात, काय करून पोट भरतात आणि एक भाग पुढे जाताना दुसरा मागे का राहतो, एवढ्या प्रश्नांचा हा अभ्यास. अमेरिकेतल्या हायस्कुलांत याच नावाचा एक प्रगत अभ्यासक्रम आहे. त्याची पहिली परीक्षा २००१ मध्ये झाली. त्यात चांगले गुण मिळाले तर अनेक कॉलेजे ते पदवीच्या अभ्यासात धरतात. तिथली मुले लोकसंख्या, स्थलांतर, शहरे, शेती, उद्योग हेच शिकतात. आपल्या बोर्डाच्या पुस्तकातही बहुतांशी तेच आहे, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येते. तरी आपण त्याला 'सोपा विषय' म्हणून बाजूला सारतो.

एक शब्द, दोन अर्थ

उर्दूत भूगोलाला जुगराफिया म्हणतात आणि लोकसंख्येला आबादी. पण आबादी म्हणजे वस्तीसुद्धा. माणसे आणि त्यांची राहण्याची जागा, दोन्हींना एकच शब्द. मराठीत लोकसंख्या वेगळी, वस्ती वेगळी, म्हणून पुस्तकात त्यांचे पाठही वेगळे. उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही सांगतो, की तुम्ही ज्याला आबादी म्हणता त्याचे हे दोन पाठ आहेत. एक माणसे मोजतो, दुसरा जागा मोजतो. मग त्यांना तो विषय परका वाटत नाही.

दुसरा शब्द स्थलांतर. उर्दूच्या पुस्तकांत त्याला हिजरत हा शब्द येतो. हिजरतीचा दीनी अर्थ फार मोठा आहे, त्याची बरोबरी कशाशीच नाही. पण स्थलांतराच्या मागे एक ढकलणारे आणि एक ओढून घेणारे कारण असते, हे पुस्तकातले सूत्र आपल्या मुलांना वेगळे समजवावे लागत नाही. मक्केत जगणे अशक्य झाले होते आणि मदिनेचे लोक बोलावत होते, हे प्रत्येक मुलाने लहानपणी ऐकलेले असते. आपले सन मोजले जाते तेही ६२२ सालच्या त्या हिजरतीपासून. ज्या समाजाची कालगणनाच एका प्रवासापासून सुरू होते, त्याच्या मुलांना स्थलांतराचा पाठ अवघड का वाटावा?

भिवंडीत बायका कमी का?

आता पुस्तक बाजूला ठेवून आपल्या गावाकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सुमारे ७ लाख १० हजार होती. त्यात पुरुष सुमारे ४ लाख १५ हजार आणि स्त्रिया सुमारे २ लाख ९४ हजार. म्हणजे दर हजार पुरुषांमागे ७१० च्या आसपास स्त्रिया. तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचा आकडा ९२९ होता.

हा आकडा ज्याला भूगोल येत नाही त्याच्या हाती पडला तर तो काय म्हणेल? म्हणेल, "या गावात मुलींना जगू देत नाहीत." टोमणा तयार! भूगोल शिकलेली मुलगी मात्र आधी विचारील, की हे पुरुष कोण आहेत आणि कुठून आले? भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेश, बिहार आणि इतर भागांतून कामगार इथे येतो, कारखान्यातच किंवा दहाजणांच्या खोलीत राहतो आणि बायको-मुले गावी ठेवतो. तो पुरुष इथे मोजला गेला, त्याची बायको तिकडे मोजली गेली. मुलींवर अन्याय होतो का, हे पाहायचे असेल तर शून्य ते सहा वयाच्या मुलामुलींचे प्रमाण वेगळे काढावे लागते. हे पहिल्या दोन पाठांतच शिकायला मिळते.

याच गोष्टीची दुसरी बाजू रत्नागिरी जिल्ह्यात दिसते. त्याच जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे ११२० च्या आसपास स्त्रिया होत्या. का? कोकणातला माणूस मुंबईला गेला, मुंब्र्याला गेला, बोटीवर गेला, आखातात गेला. घरी राहिल्या आई, बायको आणि सासू. आमच्या कोकणी मुस्लिम वाचकांना हे आकडे बघायची गरज नाही. गावी कोण दार उघडते, हे त्यांना ठाऊक आहे. एका गावात पुरुष जास्त, दुसऱ्या गावात बायका जास्त, आणि दोन्हींच्या मुळाशी रोजगारासाठी सोडलेले घर. हे उत्तर ज्या मुलीने स्वतः शोधले, ती लिंग गुणोत्तराची व्याख्या जन्मभर विसरणार नाही.

मुंब्रा असे का आहे?

तिसरा पाठ वस्तीचा. मुंब्रा-कौशाचा नकाशा उघडा. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये रस्ता आणि रेल्वे. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा सुरू झाला तेव्हा या डोंगरातून आगगाडीला सरळ वाट मिळाली. पण वस्तीला पसरायला जागा थोडीच राहिली. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे इथे आली. काही भीतीने आली, काही घर स्वस्त मिळते म्हणून आली, काही आपली माणसे आधीच इथे होती म्हणून आली. ढकलणारी आणि ओढणारी, दोन्ही कारणे एका घरात सापडतात. पसरायला जागा नाही म्हटल्यावर इमारती वर चढल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

मागणी मोठी, जमीन थोडी, देखरेख ढिली, याचे पुढे काय होते तेही आपण पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांत बांधकामावरचे मजूर होते, बाया होत्या, लहान मुले होती. 'भूमी उपयोजन' हा शब्द परीक्षेत चार गुणांचा असेल. पण कोणती जमीन कशासाठी राखली आहे, इमारतीला परवानगी आहे की नाही, हे विचारायची सवय घर घेण्याआधी लागली तर एखादे कुटुंब वाचेल.

आमच्या भागातल्या मुलांना बाहेर पत्ता सांगताना संकोच होतो, हे आम्ही नेहमी पाहतो. नुसते मुंब्रा म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलतो, असे मुले सांगतात. भूगोल हा चेहरा बदलू शकणार नाही. पण आपली वस्ती अशी का झाली याची कारणे ज्याला सांगता येतात, तो मान खाली घालत नाही. कारण कळले की लाज कमी होते, आणि काय मागायचे तेही कळते.

लोकल आणि पाणी

सहावा पाठ वाहतुकीचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे जातो, म्हणून कल्याण जंक्शन झाले आणि वाढले. २०११ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती, ठाणे शहराची १८ लाख ४१ हजार. घरे इकडे वाढली, पण नोकऱ्यांचा मोठा भाग मुंबईतच राहिला. म्हणून सकाळी सारे एका दिशेला आणि संध्याकाळी उलट. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले, जीव गेले. बातम्यांत दारात लटकणाऱ्यांचा दोष सांगितला गेला. माणूस दारात का लटकतो, याचे उत्तर घर आणि काम यांच्यातल्या अंतरात आहे. ते अंतर मोजायला भूगोल शिकवतो.

सातव्या पाठात प्रादेशिक असमतोल येतो. मुलांना वाटते, हे विदर्भ-मराठवाड्याचे प्रकरण. आपल्याच जिल्ह्यातला शहापूर तालुका पाहा. तानसा आणि भातसा ही धरणे तिथे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आपल्या नळाला दोन तास पाणी आले नाही की आपण ओरडतो. ते पाणी कोणाच्या गावातून येते, हेही कळायला हवे. स्वतःच्या मोहल्ल्याचा हक्क मागायला शिकवणारा विषय शेजाऱ्याचा हक्कही दाखवतो, हे आम्हाला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

हे इल्म परके नाही

भूगोल हा इंग्रजांनी आणलेला विषय, असा काही घरांत समज आहे. कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याचा, आधीच्या लोकांचे काय झाले ते समजून घेण्याचा आदेश वारंवार येतो. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्या-उन्हाळ्याच्या व्यापारी प्रवासांचा उल्लेख आहे. पुढे मुस्लिम विद्वानांनी या शास्त्रात मोठे काम केले. अल-बिरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात कोकणातले मुख्य ठाणे म्हणून आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे. अल-इद्रीसीने ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा आणि वर्णन पुरे केले. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये आपला मुकद्दमा लिहिला. भटके आणि शहरी लोक वेगळे का वागतात, राज्ये का उभी राहतात आणि का मोडतात, याचा विचार त्यात आहे. माणसांनी वसून जमीन फुलवणे याला त्याचा शब्द उमरान. उर्दूत समाजशास्त्राला आजही उमरानियात म्हणतात. हे सांगितले की वर्गातली मुले पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

जनगणना दारात येईल तेव्हा

वर दिलेले बहुतेक आकडे २०११ चे आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही, आणि सरकारने पुढची २०२७ साठी जाहीर केली. शिवाय १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ मध्ये एक कोटी दहा लाखांचा, देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा असलेला तो ठाणे जिल्हा आता त्या हद्दीत उरलेलाच नाही. म्हणून जुना आकडा आणि नवी हद्द यांची गल्लत करू नये.

शाळा, दवाखाने, पाणी, मतदारसंघ यांची आखणी या मोजणीवर होते. आपल्याकडे मात्र मोजणारा आला की अफवा उठतात, कुणी दारच उघडत नाही, कुणी अर्धी माणसे सांगतो. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार एका व्यक्तीने दिलेली माहिती गुप्त राहते. मातृभाषेच्या रकान्यात लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलत असे ती सांगावी. कोकणी-मराठी बोलणारी कित्येक घरे सवयीने उर्दू सांगतात. बारावीला भूगोल असलेली मुलगी घरात असेल तर हे काम तिच्याकडे द्या. अम्मीला, शेजारच्या खालाला ती समजावून सांगेल.

पालकांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, पुढच्या वाटेची माहिती आधी घ्या. नगररचनेची पदवी करायची असेल तर बारावीला गणित लागते, तेव्हा गणित सोडण्यापूर्वी विचार करा. भूगोलात एम.ए. करूनही नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे जाता येते. देवनारला १९५६ पासून लोकसंख्या-अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आहे. पदवीनंतर तिथे शिकता येते. एमपीएससी आणि यूपीएससी या दोन्ही परीक्षांत भूगोल आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकावर नकाशे करण्याचे काम वाढते आहे. मात्र भूगोल घेतला की नोकरी ठरली, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सोबत संगणक आणि इंग्रजी हवेच.

दुसरी गोष्ट, अकरावीच्या फॉर्मवर कॉलेजचे नाव टाकण्याआधी तिथे भूगोल आहे का, कोणत्या माध्यमात आहे आणि प्रात्यक्षिके खरोखर होतात का, ते जाऊन विचारा.

तिसरी गोष्ट मुलींची. क्षेत्रभेटीच्या दिवशी आपल्या अनेक मुली घरी राहतात आणि मग मैत्रिणीच्या वहीवरून अहवाल उतरवतात. लांब पाठवायचे नसेल तर जवळची भेट मागा. कल्याणची बाजारपेठ, भिवंडीचा यंत्रमाग, गावाबाहेरची गोदामे, डोंबिवलीची एमआयडीसी, मुंब्र्याची खाडी हे सारे तासाभराच्या आत आहे. अम्मीने सोबत जावे. शिक्षक नाही म्हणणार नाहीत. भिवंडीला एवढी गोदामे का, हे तिथे उभे राहिले की दिसते. मुंबई जवळ, महामार्ग हाताशी, जमीन स्वस्त, आणि २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर!

चौथी गोष्ट अभ्यासाची. प्रत्येक व्याख्येपुढे आपल्या भागातले एक उदाहरण लिहायची सवय लावा. सुटीत मुलीला आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढू द्या. घरे कुठे, दुकाने कुठे, शाळा, मशीद, दवाखाना, कचराकुंडी कुठे, आणि सर्वांत जवळचे ज्युनिअर कॉलेज किती अंतरावर. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर उपग्रहाची चित्रे फुकट पाहता येतात, ती ताडून पाहता येतील.

त्या नकाशातले शेवटचे अंतर जरा निरखून पाहा. दहावीनंतर आपल्या कित्येक मुलींचे शिक्षण सुटते ते हुशारी कमी म्हणून नव्हे. कॉलेज दोन रिक्षा आणि एक लोकल लांब असते, परतायला अंधार होतो, आणि अब्बा म्हणतात, "राहू दे." घरोघरी हा प्रत्येकाचा खासगी नाइलाज वाटतो. नकाशावर वीस घरे आणि त्यांचे अंतर मांडले की तो साऱ्या वस्तीचा प्रश्न होतो. असा नकाशा घेऊन दहा अम्मी नगरसेवकाकडे गेल्या, तर नुसत्या तक्रारीपेक्षा त्याला उत्तर देणे भाग पडेल. आणि तो नकाशा काढणारी मुलगी आपल्याच घरात, आर्ट्सच्या वर्गात, 'सोपा' विषय घेऊन बसलेली असू शकते.

यंदा फॉर्म भरताना तिला एकदा विचारून पाहा. अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी पडणारे इल्म देवो. आमीन.